ओळीने येणारी वर्षे

हॅरल्ड एडविन हर्स्ट यांचा जलाशयांच्या दीर्घकालीन साठवणक्षमतेवरचा निबंध अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सच्या 'ट्रान्झॅक्शन्स'मध्ये १९५१ साली छापून आला. त्याला यंदा ७५ वर्षे होत आहेत. आजच्या जागतिक जलदिनी या निबंधाची मुद्दाम आठवण काढावीशी वाटते. त्यात विचारलेल्या प्रश्नाशी महाराष्ट्राला दर काही वर्षांनी झुंजावे लागते, आणि तरीही आपल्या धरणांच्या हिशेबात तो अजून नीट शिरलेला नाही. एका वर्षी पावसाने दगा दिला तर काय करायचे, हे आपल्या गावांना आणि कचेऱ्यांना अनुभवाने ठाऊक आहे. ओळीने दोन-तीन वर्षे दगा दिला तर काय, हा हर्स्ट यांचा प्रश्न होता.

त्यांचा जन्म १८८० चा, इंग्लंडातल्या लेस्टरजवळच्या एका खेड्यातला. वडील गावातली बांधकामे करत. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. थोडे रसायन, थोडे सुतारकाम शिकत, दिवसा मुलांना शिकवत आणि संध्याकाळच्या वर्गांना बसत त्यांनी ऑक्सफर्डची शिष्यवृत्ती मिळवली, आणि गणिताची तयारी तोकडी असूनही भौतिकशास्त्रात पहिल्या वर्गाची पदवी घेतली. १९०६ मध्ये ते इजिप्तला गेले आणि पुढची साठ वर्षे त्या देशाच्या नोकरीत राहिले. सुरुवातीचे काम साधे होते. वेधशाळेतून कैरोच्या किल्ल्यावर अचूक वेळ कळवायची, म्हणजे तिथली दुपारची तोफ वेळेवर उडे. पुढे सार्वजनिक बांधकाम मंत्रालयाच्या भौतिकी विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि नाईल त्यांच्या आयुष्यात शिरली. पायी, हमालांच्या तांड्याबरोबर, सायकलवरून, बोटीतून, नंतर मोटारीतून आणि विमानातून त्यांनी ते अफाट खोरे पालथे घातले. पर्जन्यमापके बसवली, नदीच्या गेजांच्या नोंदी लावल्या. फिलिप्स, ब्लॅक आणि सिमाइका या सहकाऱ्यांबरोबर 'द नाईल बेसिन' ही ग्रंथमाला खंडामागून खंड काढत नेली. इजिप्तमध्ये त्यांना 'अबू निल', नाईलचा बाप, म्हणत.

हर्स्ट इजिप्तला पोहोचले तेव्हा अस्वानचे जुने धरण बांधून जेमतेम चार वर्षे झाली होती. ते १९०२ चे, पुढे दोनदा उंचावले गेले. त्याची चाल अशी: गाळाने भरलेला पूर दरवाजांतून जाऊ द्यायचा, पूर ओसरताना धरण भरून घ्यायचे आणि उन्हाळ्यात ते पाणी कापसाला द्यायचे. एका वर्षाचे पाणी त्याच वर्षी संपायचे. १९१३ साली नाईलला पूर आलाच नाही म्हणावे इतके कमी पाणी आले, आणि वर्षापुरत्या साठ्याची मर्यादा सर्वांना कळली. चांगल्या वर्षांचे पाणी वाईट वर्षांसाठी राखायचे, तेही शंभर वर्षांचा विचार करून, तर जलाशय केवढा लागेल? हर्स्ट या कल्पनेला शतकी साठवण म्हणत.

उत्तर काढण्याची त्यांची रीत कुठल्याही हिशेबनिसाला समजेल अशी आहे. नदीचे दरवर्षीचे पाणी घ्या, आपल्याकडे सिंचन खात्यात त्याला येवा म्हणतात. त्यातून सरासरी वजा करा. उरलेले अधिक-उणे दरवर्षी मागच्या बेरजेत मिळवत चला, खातेवहीतल्या शिलकेसारखे. ही शिलक सर्वांत वर कुठे गेली आणि सर्वांत खाली कुठे उतरली, त्या दोन टोकांतले अंतर म्हणजे हव्या असलेल्या जलाशयाचा आकार. एवढा जलाशय असेल तर दरवर्षी बरोबर सरासरीइतके पाणी देता येते, टंचाई पडत नाही आणि सांडवाही वाहत नाही. या बेरजेत आकड्यांइतकाच त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. तेच आकडे, तीच सरासरी, पण वाईट वर्षे एकमेकांना चिकटून आली तर शिलक खोल उतरते आणि जलाशय मोठा लागतो. ती विखरून आली तर लहान जलाशय पुरतो.

वर्षे जर नाणे उडवल्यासारखी येत असतील, म्हणजे यंदाच्या पाण्याचा पुढच्या वर्षाशी काही संबंध नसेल, तर हे अंतर वर्षांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. हर्स्ट यांनी खरोखरच नाणी उडवून ते ताडून पाहिले. मग नाईलचे आकडे लावले, तर अंतर त्याहून जास्त वेगाने वाढत होते. हा नाईलचा विशेष असावा, असे मानून थांबता आले असते. ते थांबले नाहीत. नद्यांची पाणीपातळी, तलाव, पाऊस, तापमान, हवेचा दाब, झाडांच्या खोडातली वर्तुळे, तलावांच्या तळाशी वर्षावर्षाने साचलेले गाळाचे थर, सूर्यावरचे डाग, इतकेच काय गव्हाचे भाव, अशा सुमारे ७०० मालिका त्यांनी तपासल्या. संगणक नव्हते. सगळी बेरीज-वजाबाकी माणसांच्या हातांनी झाली. वर्गमुळाच्या नियमाप्रमाणे घातांक ०.५ यायला हवा होता, तो सरासरी ०.७३ आला. प्रत्यक्षात याचा अर्थ काय? त्यांच्या सूत्राने शंभर वर्षांचा हिशेब केला तर नाणेफेकीच्या नियमाने काढलेल्या जलाशयापेक्षा सुमारे ४० टक्के मोठा जलाशय लागतो. निसर्गात चांगली वर्षे चांगल्यांच्या सोबतीने येतात आणि वाईट वाईटांच्या. असे टप्पे किती लांबीचे असतील आणि कधी पालटतील, याचे मात्र कोणतेही ठरावीक चक्र नाही.

हे घडते कसे, ते समजण्यासाठी हर्स्ट पत्ते घेऊन बसले. पत्त्यांवर लहानमोठे अधिक-उणे आकडे लिहिलेले. गड्डी पिसून एक पान काढायचे. मग दोन वाटण्या करायच्या आणि निघालेल्या पानावर जो आकडा असेल तितकी मोठ्या आकड्यांची पाने एका वाटणीतून दुसरीत घालायची, तितकीच लहान आकड्यांची बाहेर काढायची. आकडा उणे असेल तर उलट. त्या झुकत्या वाटणीत एक जोकर टाकायचा आणि तिच्यातूनच एकेक पान उचलत, नोंदत, परत घालत जायचे. जोकर निघाला की सगळे मोडून पुन्हा पहिल्यापासून. जोकर येईपर्यंत वाटणी एकाच बाजूला झुकलेली राहते, आणि तो केव्हा येईल ते आधी कळत नाही. या खेळातून निघालेल्या आकड्यांचा घातांकही ०.७ च्या आसपास आला. नदीच्या स्वभावाचे इतके प्रामाणिक आणि इतके साधे चित्र जलशास्त्रात क्वचितच कुणी काढले असेल.

हे त्यांना करता आले, कारण इजिप्तकडे नोंदी होत्या. कैरोतल्या रोडा बेटावर एका खोल दगडी विहिरीच्या मधोमध अष्टकोनी खांब उभा आहे आणि त्यावर हातांच्या मापाच्या खुणा कोरल्या आहेत. नदीचे पाणी भुयारांतून विहिरीत येई आणि पातळी खांबावर वाचली जाई. पूर किती चढला त्यावर त्या वर्षीचा शेतसारा ठरे, म्हणून राजवटी बदलल्या तरी वाचन चालू राहिले. आजची वास्तू इसवी सन ८६१ मधली आहे, पण नोंदी इसवी सन ६२२ पर्यंत मागे जातात आणि पुढची साडेसहाशे वर्षे त्या जवळजवळ सलग आहेत. कुठल्याही कारकुनाला आपण शास्त्राची सेवा करतो आहोत असे वाटले नसेल. तो साऱ्यासाठी आकडा लिहीत होता. तेवढ्यावर हजार वर्षांनी एका माणसाला नदीचा स्वभाव वाचता आला.

पाण्याच्या राजकारणाने मात्र हा स्वभाव लक्षात घेतला नाही. १९५९ मध्ये इजिप्त आणि सुदान यांनी नाईल वाटून घेतली तेव्हा अस्वानपाशी वर्षाला ८४ अब्ज घनमीटर पाणी येते असे धरले. आपल्या मापात ते जवळपास तीन हजार टीएमसी. साडेपंचावन्न इजिप्तला, साडेअठरा सुदानला आणि दहा बाष्पीभवनाला. हा आकडा विसाव्या शतकाच्या पहिल्या साठ वर्षांच्या सरासरीवरून आलेला. त्याआधीच्या तीस वर्षांची सरासरी सुमारे ११० अब्ज होती. तीच नदी, तेच खोरे, आणि सरासरीत चौथाईचा फरक. शिवाय अस्वानला पोहोचणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८५ टक्के पाणी ज्या इथिओपियाच्या डोंगरांतून येते, तो देश या वाटणीच्या टेबलावर नव्हता. गेल्या सप्टेंबरात त्याच इथिओपियाने 'निळी नाईल' या उपनदीवरच्या ७४ अब्ज घनमीटर क्षमतेच्या धरणाचे उद्घाटन केले, आणि सलग कोरडी वर्षे आली तर कुणी किती पाणी सोडायचे, या मुद्द्यावर तिन्ही देशांत आजही एकमत नाही. दुसऱ्यांना हिशेबात न धरण्याची ही बाजू हर्स्ट यांच्या योजनेलाही होती. बाष्पीभवन कमी व्हावे म्हणून त्यांना साठवण विषुववृत्तावरच्या तलावांत हवी होती, आणि दक्षिण सुदानमधल्या सुद्दच्या दलदलीत पाणी वाया जाऊ नये म्हणून जोंगलेईचा कालवा. त्या दलदलीच्या पुराबरोबर गुरे घेऊन फिरणाऱ्या डिंका आणि नुएर लोकांच्या जगण्याची किंमत तो हिशेब पुरती धरत नव्हता. १९७८ मध्ये कालव्याचे खोदकाम सुरू झाले आणि १९८४ मध्ये यादवी युद्धात ते बंद पडले. मोठ्या संशोधकाचे काम मोठे म्हणताना हेही सांगायला हवे.

इजिप्तने मात्र साठवण स्वतःच्या हद्दीत केली आणि अस्वानचे उंच धरण १९७० मध्ये पुरे झाले. त्याचा नासर जलाशय एकशेसाठ अब्ज घनमीटरांहून मोठा, म्हणजे पन्नासहून अधिक कोयना त्यात मावतील. जागा हर्स्ट यांनी सुचवलेली नव्हती, पण एका वर्षाचे पाणी दुसऱ्या वर्षासाठी राखायचे हे तत्त्व तेच. १९७९ पासून इथिओपियाच्या डोंगरांत पाऊस रुसला. एक वर्ष, दोन वर्षे, मग सगळे दशक. १९८४ चा येवा १९१३ नंतरचा सर्वांत कमी. त्याच दुष्काळात इथिओपियात लाखो माणसे भुकेने गेली. इजिप्तचे कालवे मात्र वाहत राहिले. जलाशय दरवर्षी उतरत गेला आणि १९८८ च्या जुलैत पातळी १५० मीटरच्या आसपास आली. आणखी काही मीटर उतरली असती तर वीजनिर्मिती थांबवावी लागली असती. त्याच ऑगस्टमध्ये खार्टूम पुराने बुडाले आणि धरण पुन्हा चढू लागले. हर्स्ट दहा वर्षांपूर्वीच, १९७८ च्या डिसेंबरात वारले होते.

शास्त्राच्या जगात त्यांचे नाव गणितज्ञ बेन्वा मँडेलब्रो यांनी पुढे नेले. जेम्स वॉलिस यांच्याबरोबर १९६८ मध्ये लिहिलेल्या लेखात त्यांनी सारखी वर्षे ओळीने येण्याच्या प्रवृत्तीला बायबलमधल्या योसेफाचे नाव दिले, फारोच्या स्वप्नातल्या सात सुकाळी आणि सात दुष्काळी वर्षांवरून. आज शेअरबाजारापासून हृदयाच्या ठोक्यांपर्यंत हर्स्ट घातांक काढला जातो. मागच्या वर्षांचा ठसा पुढच्या वर्षांवर राहण्याची ही 'आठवण' नद्यांना कुठून येते, यावर वादही झाले. सरासरीच अधूनमधून सरकते आणि आपल्याला आठवणीचा भास होतो, हे वित क्लेमेश यांचे म्हणणे वजनदार आहे. धरण चालवणाऱ्याला मात्र दोन्हींतून एकच गोष्ट कळते, की कालच्या सरासरीवर उद्याचे वाटप बेतू नये.

आता आपल्याकडे. महाराष्ट्रातल्या नद्यांच्या पाण्याचा बहुतेक सगळा हिशेब विश्वासार्हतेच्या टक्केवारीवर चालतो. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने तिच्या १८९४-९५ ते १९७१-७२ या ७८ वर्षांच्या येव्याची मालिका घेतली. हे आकडे उतरत्या क्रमाने मांडायचे आणि वरून तीन चतुर्थांश मोजत खाली यायचे. तिथे जो आकडा भेटतो तो ७५ टक्के विश्वासार्ह. तो २०६० टीएमसी निघाला आणि त्यातले ५६० महाराष्ट्राच्या वाट्याला आले. वाटपाच्या भांडणात अशी रीत लागते, हे मान्य. पण आकडे उतरत्या क्रमाने मांडले की वर्षांची ओळ मोडते. कोरडे वर्ष कोणत्या वर्षामागून आले, त्याच्या मागोमाग दुसरे कोरडे होते की ओले, हे त्या तक्त्यात दिसतच नाही. हर्स्ट यांच्या बेरजेचा जीव ज्या क्रमात होता, नेमका तोच आपण पहिल्या पायरीवर पुसून टाकतो. दुसऱ्या, ब्रिजेशकुमार लवादाने ४७ वर्षांची वेगळी मालिका घेतली. त्याच्या निवाड्याची अंमलबजावणी अजून अडकलेली आहे, पण त्यात आंध्र प्रदेशच्या वाट्यात श्रीशैलम आणि नागार्जुनसागरमधल्या पुढच्या वर्षासाठीच्या साठ्याला १५० टीएमसी धरले आहेत. नदीच्या तोंडाशी असलेल्या राज्याने लागोपाठच्या वर्षांची काळजी आग्रहाने मांडली. आपण तेवढ्या आग्रहाने ती मांडल्याचे दिसत नाही.

आमच्याकडचा मोसमी पाऊस नाईलइतका चिकट स्वभावाचा नाही, वर्षावर्षांतला संबंध त्यात बराच क्षीण असतो, असा आक्षेप घेता येईल, आणि तो खरा आहे. पण निव्वळ योगायोग धरला तरी हिशेब काय सांगतो? ७५ टक्के विश्वासार्ह म्हणजे चारांतले एक वर्ष तुटीचे. मग लागोपाठच्या दोन वर्षांच्या दर सोळा जोड्यांत एक जोडी दोन्ही वर्षे तुटीची निघणार. एका माणसाच्या शेती करण्याच्या आयुष्यात हे सरासरीने दोन-तीनदा घडते. नदीला थोडी जरी आठवण असेल तर त्याहून जास्त वेळा.

आणि ते घडलेही आहे. महाराष्ट्र '७२ चा दुष्काळ' म्हणतो, पण १९७० आणि १९७१ ही वर्षेही तुटीचीच होती. बहात्तरला विहिरी, गोठे आणि कणग्या आधीच रिकाम्या झाल्या होत्या, म्हणून ते वर्ष एवढे जिव्हारी लागले. १८९६ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९ चा आला. त्याहून कितीतरी जुना दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षे चालला असे परंपरा सांगते. अगदी अलीकडचे पाहायचे तर २०१४ आणि २०१५ या दोन्ही पावसाळ्यांत मराठवाड्यात सरासरीपेक्षा सुमारे ४० टक्के कमी पाऊस झाला. पहिल्या वर्षी टँकर आणि विंधन विहिरींवर निभावले. दुसऱ्या वर्षी मांजरा धरण कोरडे पडले, जायकवाडी मृत साठ्यात गेली आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. दुष्काळ हे वर्षाचे नाव म्हणून लक्षात ठेवण्याची आपली सवय आहे, तो प्रत्यक्षात वर्षांच्या ओळीतून येतो.

मग धरणांत दुसऱ्या वर्षासाठी पाणी राखावे का? राखावे, पण डोळे उघडे ठेवून. दख्खनच्या पठारावरची जायकवाडी आणि उजनी ही धरणे पसरट आणि उथळ आहेत. उन्हाळ्यात त्यांच्यावरून उडून जाणारे पाणी थोडेथोडके नसते. आपला काळा पाषाणही फार पाणी धरत नाही. काठोकाठ भरलेली विहीर पुढच्या मे महिन्यापर्यंत बहुधा तळाला जाते. त्यामुळे आपल्याकडे शतकी साठवण शक्य नाही, आणि मोठी धरणे बांधून ती होणारही नाही. आमच्या मते लागोपाठच्या वाईट वर्षांशी सामना पाण्याच्या मागणीच्या बाजूने करावा लागेल. चांगल्या पावसाच्या वर्षी १५ ऑक्टोबरला धरण तुडुंब दिसते, आवर्तने ठरतात, आणि लाभक्षेत्रात उसाची लागण वाढते. लागणीमागे खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांवरच वाढणारे पुढचे पीक, येतो. म्हणजे एका ओल्या वर्षाच्या भरवशावर पुढच्या दोन वर्षांच्या पाण्याचे वचन दिले जाते, आणि पुढचे वर्ष कसे निघेल हे कुणालाच माहीत नसते. ज्वारी, हरभरा, करडई यांचा पेरा एका हंगामात वाढवता येतो आणि एका हंगामात आवरता येतो. उसाला ते जमत नाही. हा उसाविरुद्धचा रोष नव्हे. हा क्रमाचा हिशेब आहे, आणि तो ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याच्याही हिताचा आहे, कारण दुसऱ्या वर्षी करपणारे पीक त्याचेच असते.

गोदावरीच्या वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याचा मेंढेगिरी समितीचा तक्ता १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर बेतलेला आहे. जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरून सोडा. नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यातला दरवर्षीचा संताप काही प्रमाणात तरी नियमात बांधला, हे या तक्त्याचे मोठे श्रेय. पण तोही त्या एका वर्षाकडेच पाहतो. मागचे वर्ष तुटीचे होते का, भूजल आधीच खाली गेले आहे का, यावर त्यातले आकडे बदलत नाहीत. ओळीने आलेल्या दुसऱ्या तुटीच्या वर्षासाठी वेगळा तक्ता लागेल, आणि तो पाऊस चांगला असतानाच, दोन्ही बाजू शांत असताना, ठरवून ठेवावा लागेल.

हे सगळे नोंदींवर उभे राहील. कुलाब्याच्या वेधशाळेत पर्जन्यमानाची नोंद एकोणिसाव्या शतकापासून होते. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने देशाच्या पावसाची १८७१ पासूनची मालिका जुळवली आहे. नद्यांच्या येव्याचे मात्र तसे झालेले नाही. एखाद्या गावाला आपल्या धरणात गेल्या चाळीस वर्षांत दरवर्षी किती पाणी आले हे पाहायचे असेल तर त्याला अर्ज करावा लागतो. आजचा साठा टक्केवारीत रोज वर्तमानपत्रांत येतो, पण त्या टक्केवारीमागची वर्षे लोकांसमोर नसतात. जलसंपदा विभागाने प्रत्येक मोठ्या आणि मध्यम धरणाचा पहिल्या वर्षापासूनचा वार्षिक येवा, उपसा आणि बाष्पीभवन वर्षांच्या क्रमाने, एकही वर्ष न वगळता, मराठीत आणि सर्वांना उघड असा प्रसिद्ध करावा. कालवा सल्लागार समितीच्या प्रत्येक बैठकीत पहिला कागद तो असावा, आणि त्या वर्षीची आवर्तने ठरवताना 'पुढचे वर्षही असेच गेले तर?' या प्रश्नाचे उत्तर इतिवृत्तात लिहिले जावे. येत्या १५ ऑक्टोबरनंतरच्या बैठकीपासून हे सुरू करायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.